इंजिन नसलेलं विमान

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सभागृहात झालेले भाषण. बोलण्याचा सूर कायम ठेवून थोडे संपादित केले आहे.)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची सोलर पॅनल्स झाली. आज माझी पाळी. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, तेव्हा मी मुदत ठेवींवर बोलेन अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. सचिव साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, विमानावर बोलतो. ते म्हणाले, "काका, थोडं जपून. विमान म्हटलं की लोकांना तो ठराव आठवतो." मी म्हटलं, आठवू द्या. मला त्या ठरावावरच बोलायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गच्चीवरून एका आठवीतल्या मुलाने फोमचं एक विमान उडवलं. ते पाण्याच्या टाकीच्या मागे गेलं, तिथून गिरकी खाऊन थेट पार्किंगमध्ये आलं. एका स्कूटरचा आरसा फुटला. बाकावर आपल्या एक आजी बसल्या होत्या, त्यांच्यापासून दोन हातांवर ते पडलं. पुढच्या सभेत ठराव झाला: सोसायटीच्या आवारात व गच्चीवर कोणतीही उडणारी वस्तू उडवण्यास सक्त मनाई. ठराव एकमताने मंजूर झाला, मीही हात वर केला होता. आणि आजही म्हणतो, ठराव बरोबरच होता. गच्ची ही विमान उडवण्याची जागाच नाही. का नाही, ते पुढे सांगतो. पण सभेत एक प्रश्न कोणी विचारला नाही. मुलांनी इथे उडवायचं नाही हे ठरलं. मग कुठे उडवायचं? आजचं माझं बोलणं एवढ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

हे माझ्या हातात आहे ते बघा. याला ग्लायडर म्हणतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फूट. वजन साडेसहाशे ग्रॅम. शेपूट नाही, नुसता पंखच आहे. टीव्हीच्या खोक्यात थर्माकोल येतो ना, त्याचा हा चुलतभाऊ. पण थर्माकोल मोडतो, हा दबतो आणि पुन्हा फुगतो. आत ताकदीसाठी कार्बनची काडी, वरून रंगीत चिकटपट्टी. पोटात एक छोटी बॅटरी, रेडिओचे संदेश घेणारा रिसीव्हर, आणि काडेपेटीपेक्षा लहान अशा दोन मोटरी. त्यांना सर्व्हो म्हणतात. या मोटरी पंखा फिरवत नाहीत. पंखाच्या मागच्या कडेला या दोन पट्ट्या आहेत, त्या वरखाली करतात. दोन्ही पट्ट्या वर केल्या की नाक वर. एक वर, एक खाली केली की विमान कुशीवर होऊन वळतं. हातातल्या रिमोटने मी फक्त एवढंच करू शकतो. हे जागेवरून उठवणारं, पुढे ढकलणारं यात काहीही नाही. पेट्रोल नाही, पंखा नाही, दोरी नाही.

मग ते उडतं कसं?

खरं सांगायचं तर ते उडत नाही. ते सतत खालीच येत असतं. आपल्या पेन्शनसारखं समजा. पहिल्या तारखेला रक्कम जमा, आणि दुसऱ्या तारखेपासून शिल्लक उतरायला सुरुवात. ग्लायडरची उंची म्हणजे त्याची शिल्लक. पुढे सरकण्यासाठी ते ही उंची खर्च करतं. हे माझं विमान नीट चालवलं तर सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतं. शाळेच्या मैदानावर डोक्यावरून फेकलं तर दोन-तीन सेकंदांत गवतात. खातं बंद.

आता हेच टेकडीच्या कडेवर नेऊ. समोरून वारा येतो आहे. वाऱ्याला टेकडीच्या पोटात शिरता येत नाही, तो उताराला धरून वर चढतो. समजा वारा ताशी २० किलोमीटरचा आहे, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. उतार ३० अंशांचा असेल तर त्या वाऱ्याचा वर जाणारा हिस्सा बरोबर निम्मा, पावणेतीन मीटर. झाडंझुडपं, खाचखळगे यांची वजावट धरून दोन म्हणा. हवा सेकंदाला दोन मीटर वर नेते आहे, आणि विमान त्या हवेत एक मीटर खाली येतं आहे. जमा दोन, खर्च एक. शिल्लक वाढत जाते. जोवर वारा वाहतो आणि विमान त्या चढत्या पट्ट्यात राहतं, तोवर ते खाली येत नाही. बॅटरी फक्त दोन सर्व्हो आणि रिसीव्हरसाठी लागते, ती तासाभराहून जास्त पुरते. माझे हात आधी थकतात. याला स्लोप सोअरिंग म्हणतात. आपण उतारावरचं तरंगणं म्हणू.

टेकडी कोणती, ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या तिथे गर्दी व्हायची. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, सेलू-कारंजाकडे जी डोंगररांग आहे तिच्या बाहेरच्या कडेची एक बोडकी टेकडी आहे एवढं पुरे. काळ्या दगडाची, माथा सपाट, पश्चिमेला स्वच्छ उतार, खाली कापूस-तुरीची शेतं. ज्यांची जमीन आहे त्यांना विचारून आम्ही जातो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खालच्या शेतातले एक गृहस्थ वर आले. मी रिमोट हातात धरून बसलेला, विमान दगडावर ठेवलेलं. त्यांनी विचारलं, "काय करून राहिले जी काकाजी?" म्हटलं, विमान उडवतो. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "याचं इंजिन कुठी आहे?" म्हटलं, नाही. "मंग थे हवेत राहते कसं?" मी त्यांना विचारलं, तुम्ही गहू उपणता तेव्हा काय करता? ते हसले. चिमूटभर माती उचलून त्यांनी बोटांतून सोडली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून हवा नाई लागली. घंटाभर थांबा. चार वाजता लागते." मी मोबाइलवर हवामान बघितलं होतं, त्यात वारा दुपारपासूनच दाखवला होता. चारला दहा मिनिटं असताना वारा लागला. तेव्हापासून ते आमचं हवामान खातं आहेत. उपणणी करणाऱ्या माणसाला वाऱ्याचं जे कळतं ते मला पुस्तक वाचून कळायला दोन वर्षं लागली. मोबाइल सांगतो जिल्ह्याचा वारा, माती सांगते या टेकडीचा.

आता वाऱ्याचा दुसरा चेहरा. टेकडीच्या पुढच्या अंगाला जो वारा वर चढतो, तोच माथा ओलांडला की मागच्या अंगाला कोसळतो आणि घुसळतो. नदीत खडक असला की त्याच्या पुढे पाणी फुगतं आणि मागे भोवरा होतो, तसंच. विमान या घुसळणाऱ्या हवेत गेलं की पंखांना आधार मिळत नाही, ते पानासारखं पडतं. आपल्या गच्चीवर नेमकं हेच झालं. इमारत म्हणजे कडेलोट भिंत असलेली टेकडी. वारा भिंतीला आपटतो, कठड्यावरून फुटतो, आणि पाण्याच्या टाकीमागे भोवरा तयार होतो. त्यात आता शेजारी दोन नव्या इमारती झाल्या, म्हणजे वारा तीन बाजूंनी फुटतो. त्या दिवशी त्या मुलाच्या जागी कोणीही कसलेला उडवणारा असता तरी विमान खालीच आलं असतं. हे मी सभेत बोललो असतो, पण त्या दिवशी माइक त्या मुलाच्या वडिलांच्या हातात होता आणि ते नुकसानभरपाईबद्दल बोलत होते. म्हणून आज बोलतो. चूक मुलाच्या हाताची नव्हती, जागेची होती. एवढं त्याने ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा या गच्चीवरून क्षितिजापर्यंत नजर जायची, आठवतं? चारी बाजूंना पऱ्हाटीची वावरं होती. तेव्हाची मुलं इथे संक्रांतीला पतंग उडवायची आणि कोणाला ठराव करावा लागला नाही. आज तारा आल्या, इमारती आल्या, नायलॉनचा मांजा आला. त्या मांजाने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले, शेवटी २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाला त्यावर बंदी घालावी लागली. आकाशाकडे बघायची मुलांची हौस मात्र तेवढीच आहे. तिला जागा राहिली नाही.

ही हौस काही आजची नाही, आणि पोरकटही नाही. मुलांनो, हे तुमच्यासाठी. विमानाचा जन्म धावपट्टीवर झाला नाही, टेकडीवर झाला. जर्मनीत ओटो लिलिएंथाल नावाचे एक इंजिनिअर होते. ते पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करायचे, स्वतः पंख बनवायचे आणि ते अंगाला बांधून टेकडीवरून वाऱ्यात उडी घ्यायचे. गावाजवळ चांगली टेकडी नव्हती म्हणून १८९४ साली त्यांनी बर्लिनजवळ मातीची टेकडी रचून घेतली. त्यांनी दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली. ऑगस्ट १८९६ मध्ये एका उड्डाणात वाऱ्याच्या झोतात सापडून ते पडले आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या कामावरून अमेरिकेतल्या राइट बंधूंनी स्फूर्ती घेतली. त्यांनीही आधी इंजिन लावलं नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर ते कित्येक महिने बिनइंजिनाची विमानं सोडत होते, वारा शिकत होते. इंजिन आलं १९०३ मध्ये. आणि जगप्रसिद्ध झाल्यावर, १९११ च्या ऑक्टोबरात ऑर्व्हिल राइट पुन्हा त्याच टेकड्यांवर गेले आणि बिनइंजिनाच्या विमानात पावणेदहा मिनिटं वाऱ्यावर तरंगत राहिले. त्या काळी तो विक्रम होता. पुढची दहाएक वर्षं तो टिकला.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. ऐंशीच्या दशकात माझी दोन वर्षं पुण्याला बदली होती. रविवारी मी हडपसरला जायचो. तिथे सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे, १९५० पासूनचं. तिथे माणूस बसायची ग्लायडर्स. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र. ते लांबलचक दोर जोरात ओढतं, ग्लायडर पतंगासारखं वर चढतं, वर गेल्यावर दोर सुटतो आणि मग आवाज नाही, काही नाही. नुसती हवेची सळसळ. मी कुंपणाबाहेर उभा राहून बघायचो. तिथे मला एक गोष्ट कळली, ती तुम्हाला आवडेल. आपल्या देशात नागरी विमान खात्याच्या तंत्रज्ञांनी स्वतः ग्लायडर्स तयार केली. त्यांची नावं काय ठेवली? अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. नक्षत्रांची नावं, जवळजवळ पंचांगातल्या क्रमाने! त्यातलं रोहिणी १९६१ मध्ये प्रथम उडालं. शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसतील असं ते लाकडी ग्लायडर होतं. कित्येक मुलं त्यावर उडायला शिकली.

ती नावं देणाऱ्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. पण आमच्या टेकडीचं वेळापत्रक त्याच नावांनी चालतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारा मंद. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढतं तशा गरम हवेच्या लाटा उठतात. दुपारी घारी गोल गोल फिरत वर जाताना दिसतात ना, त्या तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या खांबावर चढत असतात. तेही फुकटचं व्याजच, पण बेभरवशाचं. खांब कुठे उठेल सांगता येत नाही. आमच्या उताराला लागतो तो सरळ, सलग पश्चिमेचा वारा. तो २५ मेच्या सुमारास रोहिणी लागल्या की जोर धरतो, ७ जूनच्या आसपास मृग येतो तेव्हा भरात असतो आणि आर्द्रा लागेपर्यंत, म्हणजे २१-२२ जूनपर्यंत, पावसाच्या खंडात मिळत राहतो. शेतकरी जेव्हा आभाळाकडे बघत बियाणं घरात आणून ठेवतो, ते दिवस आमचेही. आणि विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे वारा आणि सुट्टी एकाच वेळी! मुंबई-पुण्याच्या मुलांच्या नशिबी हे नाही.

मी हे कसं शिकलो? निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे गेलो होतो. तो आम्हाला कामशेतला घेऊन गेला. तिथे पॅराग्लायडिंग चालतं, माणसं छत्र्यांखाली लटकून टेकडीसमोर इकडून तिकडे तरंगत असतात. सौ. म्हणाली, "तुम्ही हे करायचं नाही." मी म्हटलं, नाही करत. पण एका बाजूला एक तरुण हेच छोटं ग्लायडर उडवत उभा होता. त्याने ते हाताने वाऱ्यात सोडलं आणि अर्धा तास ते त्याच्यासमोर तरंगत राहिलं. मी सौ.ला विचारलं, हे चालेल का? ती म्हणाली, "हे जमिनीवर उभं राहून करायचं असेल तर चालेल." तेव्हा ही परवानगी रीतसर घेतलेली आहे.

आधी दोन महिने कॉम्प्युटरवर सराव केला, कारण यातली सगळ्यात अवघड गोष्ट हाताची नाही, डोक्याची आहे. विमान तुमच्यापासून दूर जातं तेव्हा डावं म्हणजे डावं. ते तुमच्याकडे यायला लागलं की डावं उजवं होतं, आरशासारखं. त्या क्षणी माणूस गोंधळतो आणि विमान पडतं. त्यावर युक्ती आहे: जो पंख खाली झुकला असेल, काडी त्याच बाजूला ढकलायची. काठीचा टेकू दिल्यासारखी. पंख उठतो. मोठी माणसं ही युक्ती पाठ करतात, मुलं दहा मिनिटांत विसरतातसुद्धा, कारण त्यांना तिची गरज राहत नाही. आपल्या नववीतल्या एका मुलीला मी हे सांगत होतो, माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिने विमान सरळ केलं होतं.

बाकीचे नियम साधे आहेत, पण त्यांत सवलत नाही. बँकेत दोन चाव्यांशिवाय तिजोरी उघडत नाही, तसं आमचं आहे. आधी रिमोट चालू, मग विमान. बंद करताना उलट, आधी विमान, मग रिमोट. फेकण्याआधी तीस पावलं दूर जाऊन दोन्ही पट्ट्या हलतात का बघायचं. दुसऱ्याने बघून "हो" म्हणायचं. काठीला बांधलेली लाल फीत वाऱ्यात सरळ आडवी नसेल तर थांबायचं. फेकताना विमान वर भिरकवायचं नाही, नाक किंचित खाली, सरळ वाऱ्यात. मग उताराला समांतर इकडून तिकडे, येरझाऱ्या घालायच्या. आणि वळण नेहमी टेकडीपासून बाहेर, वाऱ्याकडे. टेकडीकडे वळलात की वारा पाठीवर घेतो आणि मागच्या भोवऱ्यात नेऊन टाकतो. आमच्या पहिल्या वर्षी विमान असंच मागे गेलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या शेतकरी दादांनी ते तुरीतून काढून आणून दिलं. पंख दबला होता, इस्त्री हलकी फिरवली, सरळ झाला. सौ.ने त्यानंतर नवी इस्त्री घेतली. जुनी आता माझ्या नावावर आहे.

कुठे उडवायचं नाही हेही सांगितलं पाहिजे. वर्धा शहरातल्या हनुमान टेकडीवर नाही. तिथे लोकांनी कष्टाने झाडं जगवली आहेत आणि सकाळ-संध्याकाळ माणसं फिरायला येतात. गिरडच्या टेकडीवर नाही, तिथे भाविकांची गर्दी. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास नाही. आणि पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या दिशेला तर स्वप्नातही नाही. २०२१ चे ड्रोन नियम आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे दाखवलेले असतात. आम्ही हिरव्यातच आणि ४०० फुटांच्या आतच राहतो, विमान डोळ्यांआड जाऊ देत नाही. नियम बदलत असतात, म्हणून दर हंगामाच्या आधी नकाशा आणि नियम नव्याने बघणं ही आमच्यातल्या एका मोठ्या माणसाची जबाबदारी असते.

आणि सगळ्यात मोठा नियम विजेचा. रोहिणी-मृगात संध्याकाळी ढग कसे चढतात ते आपण वर्षानुवर्षं बघतो, आणि विदर्भात त्या दिवसांत वीज पडून माणसं दगावल्याच्या बातम्याही वाचतो. बोडक्या माथ्यावर, हातात रिमोट घेऊन उभं राहिलेलं माणूस म्हणजे विजेला आमंत्रण. गडगडाट पहिल्यांदा ऐकू आला की विमान उतरवायचं आणि टेकडी उतरून गाडीत बसायचं. वारा कितीही सुंदर असो. एकदा आम्ही सव्वा तासाचा प्रवास करून पोचलो, विमान बाहेर काढलं आणि दूर उत्तरेला गडगडलं. मुलांचे चेहरे उतरले. "आजोबा, एकदाच!" एकदाही नाही. सगळं परत खोक्यात भरलं आणि गाडीत बसून डब्यातले पोहे खाल्ले. वीस मिनिटांत माथ्यावर धुवांधार पाऊस होता. त्या दिवशी एकही उड्डाण झालं नाही, पण मुलं काय शिकायची ती त्या दिवशी शिकली. फेकायचं केव्हा नाही, हे कळणं म्हणजे अर्धं शिक्षण.

कोणी म्हणेल, अभ्यासाचं काय? मी उलटं विचारतो. कोनाचा साइन, वेग, बल, गुरुत्वमध्य, हे शाळेच्या पुस्तकात आहेच. पण नाकात दहा ग्रॅम वजन कमी पडलं की विमान माकडासारखं उड्या मारतं, हे हातात धरून बघितलेला मुलगा गुरुत्वमध्य जन्मात विसरत नाही. आणि ज्यांना वेगाची हौस आहे त्यांना सांगतो: २०२१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर स्पेन्सर लिसेन्बी यांनी असंच इंजिन नसलेलं रेडिओचं विमान ताशी ८८२ किलोमीटर वेगाने उडवलं. प्रवासी जेट विमानाच्या जवळपासचा वेग, नुसत्या वाऱ्यावर! डोंगराच्या पुढचा जोरदार वारा आणि मागची शांत हवा, या दोन थरांतून पुन्हा पुन्हा चक्कर मारत वेग वाढवत नेतात. समुद्रावर अल्बट्रॉस पक्षी हेच करतो. आपण तसलं काही करणार नाही, पण मागच्या अंगाच्या ज्या हवेला आम्ही घाबरतो तिच्यातूनच कोणीतरी वेग काढला, हे मुलांना ठाऊक असावं.

आता मूळ मुद्दा. ज्या मुलाचं विमान पार्किंगमध्ये पडलं तो त्यानंतर सहा महिने जिन्यात भेटला की खाली बघून जायचा. मैदानातही येईनासा झाला. त्याच्या वडिलांना विचारून मी त्याला टेकडीवर नेलं. पहिल्या दिवशी त्याने रिमोटला हात लावला नाही, नुसती फीत धरून उभा राहिला. तिसऱ्या खेपेला त्याने अकरा मिनिटं उडवलं आणि माथ्यावर, त्याच्या पायांपासून दहा पावलांवर उतरवलं. घरी जाताना मला म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी टाकीमागे वारा फुटला होता ना?" मी म्हटलं, हो. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी तो क्रिकेट खेळायला खाली आला.

माझ्या गाडीत तीनच मुलं मावतात. मागच्या हंगामात सात मुलांनी नावं दिली होती, दोन मुली. चौघांना मला नाही म्हणावं लागलं. शिवाय मी पंचाहत्तरीचा. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मला टेकडीवर जाऊ नका असं सांगितलेलं नाही, पण "किती दिवस जाणार?" असं विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. मुलं यायला तयार आहेत, वारा तयार आहे, विमानं माझ्याकडे तीन आहेत. कमी आहे ती शिकून घेणाऱ्या मोठ्या माणसांची.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात माझी सोसायटीला चार मागण्या आहेत. एक, तो ठराव तसाच राहू द्या. गच्ची आणि आवार बंदच. दोन, त्याच ठरावाला एक ओळ जोडा, की दर वर्षी रोहिणी-मृगात सोसायटीच्या मुलांच्या चार सहली टेकडीवर जातील. पालकांची लेखी संमती आणि दर चार मुलांमागे एक मोठं माणूस. तीन, मीटर रूमशेजारची जी खोली जुन्या गणपती मखराने भरली आहे, तिचा एक कोपरा टेबल टाकून द्या, तिथे मुलं विमानं जोडतील, दुरुस्त करतील. माझी तिन्ही विमानं, दोन्ही रिमोट आणि ती जुनी इस्त्री मी सोसायटीला देतो. चार, चाळिशीच्या आसपासचे दोन पालक, आई किंवा वडील, या हंगामात माझ्याबरोबर शिकायला या. मी सगळं शिकवेन. पैसा लागणार नाही. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही. विमानाचं सिंक वेगळं, ते मी सांभाळतो.

आणि सचिव साहेब, एक शेवटची विनंती. येत्या वार्षिक सभेत हा विषय ऐनवेळच्या विषयांत नको. तोपर्यंत निम्मे सभासद चहाला उठलेले असतात. विषयपत्रिकेत छापून घ्या, क्रमांक काहीही चालेल. रोहिणी २५ मेला लागतात.